पांढरे पडलेले डांबरी रस्ते: सीलर कुठे मारावं, कोणतं आणि कधी

लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या कनिष्ठ अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गावातले अंतर्गत डांबरी रस्ते तीन-चार वर्षांतच पांढरे पडतात, बारीक खडी सुटून कडेला जमते. नवं कारपेट (खडी-डांबराचा पातळ थर) टाकायला निधी नाही. अशात एक विक्रेता सोयाबीन तेलापासून बनवलेलं ‘पर्यावरणपूरक’ सीलर (डांबरावर फवारायचा पातळ संरक्षक लेप) घेऊन आला आहे. ते मारलं की रस्ता पाच वर्षं पुढे जातो, असं तो सांगतो. घ्यावं का? की साधं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) मारावं? की पैसे जमवून एकदाच सिमेंटचा रस्ता करावा?

माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या रस्त्यांवर आणि मटेरियल टेस्टिंगमध्ये गेली, त्यामुळे उत्तर जरा लांब होईल.

सीलर मारावं, जरूर मारावं. पण ते चांगल्या रस्त्यावर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. खड्डे पडले, लोकांनी ओरड केली, वर्तमानपत्रात फोटो आला की मग ‘वरून काहीतरी मारा’ सुरू होतं. तोवर सीलरची वेळ निघून गेलेली असते. कुजलेल्या दाराला वॉर्निश लावण्यासारखं ते काम आहे. आठ दिवस चकाकी दिसते आणि पहिल्या पावसात पैसे वाहून जातात. म्हणून कोणता ड्रम घ्यायचा हे नंतर बघू. आधी कोणता रस्ता घ्यायचा ते ठरवा.

रस्ता पांढरा का पडतो, हे नीट समजून घेतलं तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. डांबरात एक जड, कडक भाग असतो, त्याला अस्फाल्टीन म्हणतात. त्याला चिवट आणि लवचीक ठेवणारा तेलकट भाग म्हणजे माल्टीन. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या तेलकट भागाचं हळूहळू कडक भागात रूपांतर करत राहतात. रस्त्यासाठी वापरतात त्या व्हीजी-३० प्रकारच्या डांबराचं पेनेट्रेशन (सुई किती रुतते त्यावरून मोजलेला मऊपणा) आयएस ७३ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ४५ लागतं. जुन्या रस्त्याच्या वरच्या थरातलं डांबर काढून तपासलं की तेच निम्म्यावर आलेलं दिसतं. असं डांबर खडीला धरून ठेवू शकत नाही. आधी खडीच्या डोक्यावरची काळी पातळ फिल्म झिजते आणि आपला बेसाल्ट उघडा पडतो, मग कच सुटते, मग बारीक खडी. तुमच्या रस्त्याच्या कडेला जो ढीग जमतो तो हाच.

ही झीज सगळ्यात जास्त होते ती वरच्या काही मिलिमीटरमध्ये. परभणी, नांदेड, लातूरकडे एप्रिल-मेमध्ये हवेचं तापमान ४२-४३ अंशांवर जातं तेव्हा डांबरी पृष्ठभाग ६० अंश सहज ओलांडतो, आणि तापमान वाढलं की ऑक्सिडेशनही वेगाने होतं. त्यात नगरपरिषदांचे बहुतेक अंतर्गत रस्ते म्हणजे बीबीएम (खडी-डांबराचा खालचा थर), त्यावर २० मिमी कारपेट आणि सीलकोट (पोकळ्या बुजवणारा वरचा लेप). कारपेट मुळातच पोकळ्यांचं असतं; हवा आणि पाणी खालपर्यंत जातं. डीबीएम-बीसीच्या (दाट, कमी पोकळ्यांच्या थरांच्या) रस्त्याला जे व्हायला सहा-सात वर्षं लागतील, ते इथे तीन-चार वर्षांत होतं. तेव्हा ठेकेदाराने चोरी केली म्हणूनच रस्ता पांढरा पडला असं दर वेळी नसतं. सीलकोट पातळ पडला असेल हे खरं, पण चांगलं केलेलं कारपेटही उघड्यावर राहिलं तर म्हातारं होणारच.

आता रस्त्यांची निवड. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. सकाळी थंड वेळेत रस्त्यावर बसा आणि जाड स्क्रू-ड्रायव्हरने दोन खड्यांमधलं डांबर खरवडा. वर राखाडी भुगा निघाला, पण दोन-तीन मिलिमीटर खाली गेल्यावर काळं, चिवट, टोकाला चिकटणारं डांबर लागलं, तर तो रस्ता सीलरचा. खालपर्यंत भुगाच निघत असेल आणि खडी बोटाने उचकटता येत असेल, तर सीलर त्याला पुन्हा बांधणार नाही. तिथे स्लरी सील किंवा मायक्रोसरफेसिंग (इमल्शन आणि बारीक खडीचा काही मिलिमीटरचा थर) लागेल, नाहीतर नवा थर. चाकाच्या पट्ट्यात जाळीदार भेगा दिसल्या तर खालचा थर किंवा माती बसलेली आहे. तिथे वरून काहीही मारू नका. तो भाग खणून, मुरूम-खडी बदलून, पॅच करूनच पुढे जा.

काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बाहेरून येणारे विक्रेते हे कधीच बोलत नाहीत. उन्हाळ्यात आपली काळी माती आकसते आणि रस्ता कडेपासून फूट-दोन फूट आत लांबच लांब फाटतो. पावसात त्या भेगेतून पाणी खाली जातं, माती फुगते, कड उचलली जाते किंवा खचते. ही भेग डांबर म्हातारं झाल्याची नाही. सीलरने ती बुजत नाही आणि बुजवली तरी पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडते. तिथे खर्च करायचा तो साइडपट्टी आणि गटारावर. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली असते, पाणी रस्त्यावरच थांबतं. आधी ती खरवडून उतार काढा. ज्या गल्लीत पाऊस थांबल्यावर तासाभराने पाणी रस्त्यावर उभं दिसतं, ती सीलरच्या यादीतून काढून टाका.

तसंच ज्या रस्त्यावर पुढच्या दोन वर्षांत पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन पडणार आहे तोही काढा. पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर जाऊन नकाशा मागायचा हे काम कंटाळवाणं आहे, पण सीलरपेक्षा जास्त पैसे तेच वाचवतं. आणि मेमध्ये ज्या रस्त्यावर डांबर वर येऊन चपलेला चिकटतं, त्याला अजून बाइंडर (खडी धरून ठेवणारं डांबर) देणं म्हणजे दुचाकीवाल्यांना घसरवणं.

एवढी चाळणी लावल्यावर शंभरातले वीस-पंचवीस रस्ते उरले तरी वाईट वाटून घेऊ नका. वाचवता येतील असे रस्ते तेवढेच आहेत. अमेरिकेतल्या रस्ते देखभालीच्या प्रशिक्षणात एक आलेख हमखास दाखवतात: आयुष्याच्या पहिल्या पाऊण भागात रस्त्याची गुणवत्ता साधारण ४० टक्के घसरते, आणि पुढची ४० टक्के घसरण आयुष्याच्या अवघ्या १२ टक्के काळात होते. आकडे तिकडचे आहेत, पण घसरणीची तऱ्हा आपल्याकडेही तीच दिसते. रस्ता बरीच वर्षं ‘ठीक’ असतो आणि मग एका पावसाळ्यात जातो. सीलरची जागा त्या पावसाळ्याच्या आधी आहे.

आता ड्रमकडे येऊ. तुमच्यापुढे खरे पर्याय चार.

पहिला आणि माझ्या मते तुमच्या कामाचा, म्हणजे पातळ केलेलं स्लो सेटिंग (सावकाश घट्ट होणारं) इमल्शन फवारणं, ज्याला फॉग सील किंवा फॉग स्प्रे म्हणतात. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे डांबराचे सूक्ष्म कण. आयएस ८८८७ मध्ये त्याची मानकं आहेत, रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये फॉग स्प्रेची बाब आहे, इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:८२ ही देखभालीची संहिता आहे. म्हणजे अंदाजपत्रक करताना आणि ऑडिटला उत्तर देताना तुमच्या पाठीशी कागद असतो. पर्यावरणाच्या बाजूनेही हा पर्याय लोकांना वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. डांबर तापवायचं नाही, म्हणजे बॉयलरखाली लाकडं आणि जुनी टायरं जाळायची नाहीत. डांबर पातळ करायला रॉकेल किंवा डिझेल मिसळायचं नाही. ते उडून हवेतच जातं आणि उरलेलं रस्ता मऊ करतं. इमल्शनमधून उडतं ते पाणी.

दुसरा पर्याय तुम्ही विचारलेला, सोयाबीनचा. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक बघितलेल्या माणसाला हा विचार भावणारच, आणि तो खोटा नाही. वनस्पती तेलांपासून बनवलेली रिजुव्हिनेटर (जुन्या डांबराला पुन्हा मऊ करणारी द्रव्यं) खरोखर वापरात आहेत. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात सोयाबीन तेलापासून डांबरासाठी पॉलिमर तयार करण्याचं काम झालं आहे. आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूर-मनसर बायपासवर लिग्निन या वनस्पतींतल्या घटकापासून केलेलं बायो-बिटुमेन (जैविक डांबर) वापरलेला पट्टा खुला झाला. ते सीलर नव्हे, पण पिकाच्या अवशेषातून रस्त्याचा बाइंडर होऊ शकतो हे त्यातून दिसतं. रिजुव्हिनेटरचं काम फॉग सीलपेक्षा वेगळं आहे. फॉग सील नवी काळी फिल्म देतं. रिजुव्हिनेटर जुन्या डांबरात मुरून त्याचा हरवलेला तेलकट भाग काही प्रमाणात भरून काढतं. उत्पादन चांगलं असेल तर हे जास्त मोलाचं आहे.

पण विक्रेत्याला विचारायचे प्रश्न वेगळे. ‘सोयाबीनचं आहे का’ हे त्यात शेवटी येतं. आधी हे विचारा, की तुमचं सीलर मारण्याआधी आणि नंतर त्याच रस्त्याच्या कोअरचा (रस्त्यातून कापून काढलेल्या गोल नमुन्याचा) वरचा एक सेंटिमीटर कापून, त्यातलं डांबर वेगळं काढून व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) मोजलेला अहवाल आहे का. किती घटली? रस्ता आपल्यासारख्या उष्ण भागातला होता का? पृष्ठभाग ५५-६० अंशांवर गेल्यावर ते पुन्हा मऊ पडून चिकटतं का? मारल्यावर किती तासांनी ओल्या रस्त्यावर घसरण मोजली आणि आकडा काय आला? ज्याच्याकडे माल आहे तो अहवाल काढून देतो. ज्याच्याकडे नुसतं माहितीपत्रक आहे तो विषय बदलतो. ‘पाच वर्षं’ या आश्वासनाला आपल्या उन्हात पुरावा मिळेपर्यंत मी दोन-तीन वर्षं धरूनच हिशेब करीन.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही ठिकाणी स्थानिक पातळीवर ‘आपलंच तेल मारू’ अशी कल्पना निघते, हॉटेलांचं वापरलेलं तळणाचं तेलसुद्धा सुचवलं जातं. हे करू नका. वापरलेल्या तेलावर रिजुव्हिनेटर म्हणून संशोधन झालं आहे, पण ते प्लांटमध्ये, मोजून, मिश्रणात घालण्याचं. उघड्या रस्त्यावर कच्चं तेल ओतलं तर ते सुकत नाही, डांबर नको तितकं मऊ करतं, आणि संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुलं सायकलवरून घसरतात.

तिसरा प्रकार कोल-टारचा, म्हणजे कोळशापासून निघणाऱ्या डांबराचा. तो दिसायला सगळ्यात काळाभोर, स्वस्त, आणि डिझेल-ऑइल सांडलं तरी विरघळत नाही म्हणून पार्किंग आणि पेट्रोल पंपांच्या आवारासाठी खपवला जातो. तो घेऊच नका. त्यात पीएएच नावाची घातक संयुगं प्रचंड असतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत पेट्रोलियम डांबराच्या सीलरपेक्षा ती सुमारे हजार पट आढळली. टायरखाली त्याची पूड होते, पावसात नाल्यात जाते, धुळीतून घरात येते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने त्यावर २००५ मध्ये बंदी घातली, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये. कोल-टार पिच हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहे, आणि आपल्याकडे तो मारणारा मजूर तोंडाला रुमाल बांधून, उघड्या हातांनी काम करतो. आपला नाला पुढे मांजराला किंवा तेरणेला मिळतो, त्याच पाण्यावर गावं जगतात. निविदेत ‘कोल-टार किंवा त्याचे घटक असलेलं उत्पादन चालणार नाही’ हे वाक्य स्पष्ट घाला आणि पीएएचचा चाचणी अहवाल मागा. रिक्षा थांबा, बस थांबा, गॅरेजांची रांग अशा जिथे ऑइल सांडतच राहणार, तिथे डांबराचा हट्ट सोडून तेवढ्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट करा.

चौथा म्हणजे उन्हाचे किरण परतवणारी फिकट रंगाची ‘कूल’ सीलरं. आपल्या उन्हाळ्यात याचा मोह पडतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराने २०२० पासून ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि अॅरिझोना स्टेट विद्यापीठाने मोजमाप केलं. भर दुपारी पृष्ठभाग साध्या डांबरापेक्षा सरासरी सहा-साडेसहा अंश सेल्सिअसने थंड निघाला. डांबराच्या आयुष्यासाठी हे चांगलंच. पण त्याच मोजमापात असंही दिसलं, की दुपारी त्या रस्त्यावर उभ्या माणसाच्या अंगावर परतलेल्या किरणांमुळे जास्त उष्णता पडते. फिनिक्समध्ये दुपारी रस्त्यावर गाड्याच जास्त असतात. आपल्याकडे लातूरच्या गंजगोलाईत किंवा कुठल्याही आठवडी बाजारात मेच्या दुपारी माणसं रस्त्यावर बसून भाजी विकतात. त्यांच्या अंगावर ऊन परतवणारा रस्ता मी करणार नाही. तेवढ्या पैशात कडेला कडुनिंब लावून तीन वर्षं जगवणं बरं.

स्लरी सील आणि मायक्रोसरफेसिंग ही सीलरच्या पुढची पायरी. आयआरसी:एसपी:८१ मध्ये त्याची पद्धत दिली आहे, जाडी प्रकाराप्रमाणे दोन ते आठ मिलिमीटर. खडी सुटायला लागलेल्या, पण खालून पक्क्या असलेल्या मुख्य रस्त्याला ते फार चांगलं. मात्र त्याचं यंत्र बाहेरून आणावं लागतं, एका गावापुरतं परवडत नाही. शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदांनी मिळून एक निविदा काढली तर जमू शकतं.

सिमेंटच्या रस्त्याबद्दल एवढंच म्हणतो, की पक्क्या डांबरी रस्त्यावर तो करणं म्हणजे चांगला माल गाडून टाकणं. अरुंद गल्लीत रस्त्याची पातळी वर येते आणि पाणी लोकांच्या उंबऱ्यात शिरतं, हे तुम्ही पाहिलंच असेल.

फॉग सीलचा हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल. रस्ता ५०० मीटर लांब, ६ मीटर रुंद, म्हणजे ३,००० चौरस मीटर. २० मिमी कारपेटला दर १० चौरस मीटरला ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर लागतं. म्हणजे या रस्त्याला ८१ घनमीटर, सुमारे २९ ब्रास खडी आणि जवळपास ४.४ टन डांबर, सीलकोट वेगळा. फॉग सीलला इमल्शनमध्ये सम प्रमाणात पाणी घालून चौरस मीटरला ०.६ लिटर धरलं तर १,८०० लिटर मिश्रण होतं. त्यात इमल्शन ९०० लिटर, आणि त्यातलं खरं डांबर साडेचारशे-पाचशे किलो. खडी शून्य. वर टाकायला थोडी कच लागेल एवढंच. कारपेट नवा थर देतं आणि फॉग सील देत नाही, तेव्हा दोन्ही एका मापाची कामं नाहीत. पण आहे तो थर दोन-तीन वर्षं टिकला तर २९ ब्रास खडीसाठी डोंगर फोडणं, क्रशर चालवणं आणि ती टिपरने वाहून आणणं तेवढा काळ पुढे गेलं. मला शाश्वत म्हणावंसं वाटतं ते हे. ड्रममधल्या मालाचं मूळ पेट्रोलियम की सोयाबीन, हा फरक याच्यापुढे लहान आहे.

आता प्रत्यक्ष काम, कारण सगळं बिघडतं ते इथे.

वेळ: परतीचा पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी रस्त्यावर दव असतं, तेव्हा दहा-साडेदहाशिवाय सुरुवात नको आणि तीनच्या पुढे नको. पुढच्या २४ तासांत पावसाची शक्यता असेल तर काम पुढे ढकला, नाहीतर सगळं इमल्शन गटारात जाईल. हाच काळ उसाच्या गाळपाचाही असतो. ज्या रस्त्याने कारखान्याकडे जोडट्रॉल्या जातात तिथे काम काढण्याआधी एका दिवसापुरता मार्ग बदलून घ्या.

सफाई: आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष इथे दिलं जातं. खडीच्या बेचक्यात बसलेली काळ्या मातीची धूळ झाडूने निघत नाही, आणि तिच्यावर पडलेलं डांबर धुळीलाच चिकटतं, रस्त्याला नाही. टँकरने रस्ता धुवायला लावू नका. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेला हा जिल्हा आहे. शिवाय धुतल्यावर रस्ता पुन्हा पूर्ण सुकायला वेळ जातो. विहिरीच्या ब्लास्टिंगला येतो तो ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर भाड्याने घ्या आणि हवेच्या झोताने पुढे-पुढे साफ करत जा. आजूबाजूच्या घरांना आधी सांगून ठेवा, कारण धूळ भरपूर उडते. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद सुट्या भेगा आणि खड्डे दोन-तीन आठवडे आधी भरून घ्या.

पाणी: इमल्शनमध्ये घालायचं पाणी बहुतेक जण जवळच्या बोअरचं घेतात, आणि आपलं बोअरचं पाणी जड असतं. जड किंवा अल्कलीयुक्त पाण्याने इमल्शन ड्रममध्येच फुटतं. आधी एका लिटरच्या डब्यात तेच पाणी आणि तेच इमल्शन दोन-तीन मिनिटं ढवळा आणि ओल्या केलेल्या १५० मायक्रॉनच्या चाळणीतून ओता. चाळणीवर वजनाने एक टक्क्यापेक्षा जास्त गुठळ्या राहिल्या तर ते पाणी चालणार नाही. मिसळताना इमल्शनमध्ये पाणी घालायचं. पाण्यात इमल्शन ओतायचं नाही. आणि ड्रम आदल्या दिवशी लोळवून ठेवा, तळाशी बसलेलं डांबर वर यायला हवं.

प्रमाण: ०.६ हा आकडा मी हिशेबासाठी घेतला. तुमच्या रस्त्याचा आकडा रस्त्यालाच विचारायचा. खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. त्यात एक लिटर मिसळलेलं इमल्शन सारखं पसरा आणि घड्याळ लावून बघत बसा. सुरुवातीला ते चॉकलेटी दिसतं. पोकळ कारपेट असेल तर ते भराभर आत ओढलं जातं आणि खडीची डोकी पुन्हा उघडी होतात. दोन-तीन मिनिटांनीही वर डबकी उभी असतील तर एक लिटर जास्त आहे. शेजारी दुसरा चौकोन आखा, पाऊण लिटर घ्या, मग अर्धा. हळूहळू कडेकडून रंग पालटतो, चॉकलेटीचा काळा होतो. पाणी सुटून डांबर खडीला धरल्याची ती खूण. मग त्यावर बूट टेकवून उचला. तळव्याला काळं लागत नसेल तेव्हा रस्ता उघडण्याचा विचार करायचा. ऊन चांगलं असेल तर साधारण दोन ते चार तास लागतात. प्रत्येक रस्त्यावर दोन-तीन ठिकाणी ही चाचणी घ्या, कारण चाकाची पट्टी आणि कड एकसारखं पीत नाहीत.

फवारणी यंत्राच्या बारने किंवा निदान प्रेशरच्या हँड लान्सने करा. झारीने ओतू देऊ नका. पट्टे पडतात, एका जागी चिखल आणि शेजारी कोरडं. ठेकेदाराचं माप ड्रम मोजून घेऊ नका. ३० सेंटिमीटर चौरस पत्र्याचा ट्रे रस्त्यावर ठेवा, त्यावरून फवारा जाऊ द्या, आणि आधीचं-नंतरचं वजन करा. मॅनहोलची झाकणं आणि पाण्याचे व्हॉल्व्ह आधी कागदाने झाका. झेब्रा पट्टे बुजतील, ते पुन्हा मारण्याची बाब अंदाजपत्रकात आधीच धरा, नाहीतर शाळेपुढचा पट्टा वर्षभर परत येत नाही.

वाहतूक सोडण्याआधी बारीक, धुळीविरहित कच पातळ भुरभुरा. ताजं सील ओलं झालं की गुळगुळीत होतं आणि आपल्या गावात निम्मी वाहतूक दुचाकीची. पहिले दोन-तीन दिवस वळणांवर आणि उतारावर माणूस उभा करा, वेग कमी ठेवा. गुळगुळीत झिजलेल्या, खडीची पकड उरली नाही अशा रस्त्यावर फॉग सील नकोच.

सोयाबीनवाल्याला लगेच नाही म्हणू नका. एकच रस्ता निवडा, स्क्रू-ड्रायव्हरच्या चाचणीत बसणारा, वाहतूक मध्यम. त्याचे तीन भाग करा, प्रत्येकी शंभर मीटर. एकावर त्याचं सीलर, त्याच्या खर्चाने आणि त्याच्याच माणसांकडून. दुसऱ्यावर तुमचं इमल्शन. तिसरा भाग काहीच न मारता तसाच. सुरुवातीला आणि एक पावसाळा, एक उन्हाळा गेल्यावर तिन्हींचे कोअर काढा. कोअर जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा बांधकाम विभागाच्या प्रयोगशाळेत द्या, विक्रेत्याने सुचवलेल्या लॅबमध्ये नको. शिवाय प्रत्येक भागात एक चौरस मीटर आखून तिथली सुटलेली खडी दर महिन्याला ब्रशने गोळा करून वजन करा. त्याला वजनकाटा आणि एक प्लास्टिकची पिशवी पुरते. नोंदवही तुमच्याकडेच ठेवा, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तो रस्ता आखून घ्या. दिवाळीच्या सुट्ट्यांत मजूर मिळत नाहीत.